उणे ऑक्सिजन

पाणी जितके थंड, तितका त्यात ऑक्सिजन जास्त मावतो. शून्य अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, पंचवीस अंशांना तो ८.३ मिलिग्रॅमवर येतो. पाणी खारे असेल तर दोन्ही आकडे थोडे उतरतात, कल मात्र तोच राहतो. या हिशेबाने उत्तर युरोपातला बाल्टिक समुद्र ऑक्सिजनने भरलेला असायला हवा. त्याचा उत्तरेकडचा फाटा दर हिवाळ्यात गोठतो आणि खोल पाणी भर उन्हाळ्यातही सहा-सात अंशांच्या आसपास असते. पण स्वीडनचे गॉटलंड बेट आणि लाटव्हियाचा किनारा यांच्या मधे समुद्र २४९ मीटर खोल जातो, तिथल्या तळाच्या नोंदी काढून पाहिल्या तर ऑक्सिजनच्या रकान्यात वर्षामागून वर्षे उणे आकडे दिसतात. शून्याच्याही खालचे.

हा छपाईतला दोष नाही. समुद्राच्या रसायनशास्त्रात उणे ऑक्सिजनला नेमका अर्थ आहे आणि तो कळला की बाल्टिकचे दुखणेही बरेचसे कळते. त्याआधी या समुद्राची ठेवण पाहायला हवी.

बाल्टिक जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आणि उथळ आहे. क्षेत्रफळ सुमारे ४ लाख १५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीला थोडे कमी. सरासरी खोली ५५ मीटरच्या आसपास. स्वीडन, फिनलंड, रशिया, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुएनिया, पोलंड, जर्मनी आणि डेन्मार्क अशा नऊ देशांचे किनारे त्याला लागतात आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत साडेआठ कोटींच्या घरात माणसे राहतात. नद्या दरवर्षी सुमारे ४४० घन किलोमीटर गोडे पाणी त्यात आणून ओततात. बाहेरच्या महासागराशी त्याचा संबंध मात्र डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या अरुंद सामुद्रधुन्यांपुरता. तिथेही तळाशी उंबरठे आहेत. डार्सचा उंबरठा १८ मीटर खोल, आणि कोपनहेगनजवळचा ड्रोग्डेनचा तर जेमतेम ८ मीटर.

शाळेच्या भूगोलात बाल्टिक येतो तो कमी क्षारतेचे उदाहरण म्हणून. तिथे शिकवत नाहीत ती गोष्ट अशी की ही क्षारता वरपासून खालपर्यंत सारखी नाही. मध्य बाल्टिकमध्ये वरच्या पाण्याची क्षारता दर हजारी ६ ते ८ असते, खोल पाण्याची ११ ते १३. खुल्या महासागरात ती ३५ असते हे लक्षात घेतले तर हा फरक किरकोळ वाटेल. पण नद्यांचे हलके पाणी वर आणि सामुद्रधुन्यांतून सरपटत आलेले जड पाणी खाली, असे दोन मजले पाडायला तो पुरतो. मधली सीमा साधारण ६० ते ८० मीटरवर असते. हिवाळ्यातली वादळे वरचा मजला पार ढवळून काढतात, त्याला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो. सीमेखाली ही ढवळण पोहोचत नाही. वरून मात्र मेलेले शैवाल, प्लवकांचे अवशेष, विष्ठा असा सेंद्रिय गाळ सतत झिरपत असतो. तळाचे जिवाणू तो कुजवतात आणि त्यासाठी ऑक्सिजन वापरतात. खर्च रोजचा, भरणा मात्र क्वचित.

आता मोजणी कशी होते ते पाहू. गॉटलंड गर्तेतल्या या ठिकाणाला समुद्रशास्त्रज्ञ ‘बीवाय १५’ म्हणतात. वर्षातून अनेकदा कुठल्या ना कुठल्या देशाचे संशोधन जहाज तिथे येऊन थांबते. स्वीडनचे ‘स्वेआ’, फिनलंडचे ‘अरांडा’, जर्मनीचे ‘एलिझाबेथ मान बोर्गेझे’ ही त्यांतली ठळक नावे. जहाजावरून पोलादी दोरावर एक गोल चौकट खाली सोडतात. तिच्या मधोमध तापमान, दाब आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजणारी उपकरणे असतात (वाहकतेवरून क्षारता काढता येते) आणि कडेने दोन्ही टोके उघडी असलेल्या मोठ्या नळकांड्या लावलेल्या असतात. चौकट तळाजवळ नेऊन परत वर घेताना ठरलेल्या प्रत्येक खोलीवर एकेका नळकांडीची झाकणे वरून इशारा देऊन बंद करतात. त्या त्या खोलीचे पाणी आत अडकते.

चौकट डेकवर आली की पहिला मान ऑक्सिजनचा. पोषकद्रव्ये, क्षारता, आम्लता यांचे नमुने मागून घेतले तरी चालतात, कारण ऑक्सिजन हवेशी लगेच देवाणघेवाण सुरू करतो. नळकांडीच्या तोटीला लावलेली रबरी नळी काचेच्या छोट्या बाटलीच्या तळापर्यंत घालतात आणि पाणी हळूहळू सोडतात. बुडबुडा येता कामा नये. बाटली भरून वर दोन-तीन बाटल्या पाणी ओसंडून जाऊ देतात, म्हणजे हवेला शिवलेले पाणी निघून जाते. प्रत्येक बाटलीचे आकारमान अचूक मोजलेले असते आणि तिचे बूच तिचेच असते. दुसऱ्या बाटलीचे बूच लावले तर हिशेब चुकतो. मग पाण्याच्या पृष्ठभागाखाली पिपेटचे टोक नेऊन दोन द्रावणे सोडायची, एक मँगनीजच्या क्षाराचे, दुसरे आयोडाइड मिसळलेल्या अल्कलीचे. बूच लावून बाटली जोरात हलवली की आत साका तयार होतो.

या साक्याचा रंगच पुष्कळ सांगतो. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल तर साका गडद तपकिरी होतो, ऑक्सिजन कमी तसा पिवळट होत जातो आणि ऑक्सिजन नसेल तर पांढराच राहतो. वरच्या थरापासून खालपर्यंतच्या बाटल्या एका रांगेत ठेवल्या तर समुद्राचा उभा छेद डोळ्यांसमोर येतो. साठ मीटरपर्यंत तपकिरी, पुढच्या वीस-तीस मीटरांत झरझर फिकट, मग पांढऱ्या. नेमका आकडा त्यानंतर निघतो. आम्ल घातले की साका विरघळतो आणि ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन सुटे होते. सोडियम थायोसल्फेटचे द्रावण थेंबाथेंबाने घालून ते आयोडीन मोजतात. शेवटी स्टार्च घालून आलेला निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो तिथे थांबायचे. हल्ली हा शेवटचा क्षण बहुतेक प्रयोगशाळांत यंत्र टिपते. बारावीच्या प्रात्यक्षिकात आयोडीनचे टायट्रेशन केलेल्या कुणालाही ही कृती ओळखीची वाटेल.

पद्धत लायोश विंकलर या तरुण हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची. १८८८ मध्ये बुडापेस्टला त्याने ती बसवली आणि अजूनही तिला तोड नाही. आज ऑक्सिजन मोजणारे प्रकाशीय संवेदक सर्रास वापरात आहेत. त्यांच्यातल्या रंगद्रव्यावर निळा प्रकाश टाकला की ते लाल चमकते आणि ऑक्सिजन जास्त असेल तितकी ती चमक लवकर विझते. हे संवेदक सेकंदासेकंदाला आकडा देतात, महिनोन्‌महिने पाण्यात राहतात. पण त्यांचा आकडा हळूहळू सरकतो. तो किती सरकला हे ठरवायला शेवटी विंकलरचीच बाटली लागते. सव्वाशे वर्षांपूर्वीची नोंद आणि यंदाची नोंद एकमेकींशेजारी ठेवता येते ती या जुन्या कृतीमुळेच. मला वाटते, विज्ञानातल्या फार थोड्या हातकृती इतक्या साध्या राहून इतक्या दीर्घकाळ उपयोगी पडल्या असतील.

मात्र पांढऱ्या साक्याच्याही खाली आणखी एक मजला आहे. तिथले पाणी तोटीतून निघताच सडक्या अंड्याचा वास येतो, मोजायच्या आधीच नाकाला कळते. ऑक्सिजन संपल्यावर जिवाणू थांबत नाहीत. समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल असते. काही जिवाणू त्यातला ऑक्सिजन वापरून सेंद्रिय गाळ कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड मागे सोडतात. हा वायू जवळजवळ सगळ्या प्राण्यांना विषारी. त्याची मोजणी वेगळ्या रासायनिक क्रियेने होते. पाण्यात ठरावीक द्रव्ये घातली की सल्फाइडच्या प्रमाणात निळा रंग येतो, आणि त्या रंगाची गडदता मोजतात.

उणे आकडा येतो तो इथून. एक रेणू हायड्रोजन सल्फाइडचे परत सल्फेट करायचे तर ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. म्हणून सापडलेल्या सल्फाइडची दुप्पट करून ती ऑक्सिजनच्या रकान्यात उणे म्हणून लिहितात. दुकानदाराच्या वहीतल्या उधारीसारखे हे आहे. उद्या कुठून ताजा ऑक्सिजन आला तरी आधी थकबाकी फिटेल, आणि उरला तरच तो माशा-किड्यांच्या वाट्याला येईल. नुसते ‘शून्य’ लिहिले असते तर नुकताच ऑक्सिजन संपलेला तळ आणि दहा वर्षे कुजत पडलेला तळ सारखेच दिसले असते. नोंदवहीतल्या एका वजाबाकीच्या चिन्हामुळे त्यांच्यातला फरक टिकला.

हे आकडे सुटेसुटे पाहून काही कळत नाही. ते कळतात ओळीने पाहिले की, आणि बाल्टिकचे भाग्य असे की त्याच्याइतकी लांब ओळ जगात फार थोड्या समुद्रांच्या नशिबी आली. स्वीडनचे ओटो पेटर्सन आणि गुस्ताफ एकमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागातल्या समुद्रांची पद्धतशीर पाहणी सुरू केली. त्यांना मासेमारीचे कोडे सोडवायचे होते. हेरिंग मासा काही दशके किनाऱ्याशी झुंडीने येतो आणि मग काही दशके फिरकत नाही, हे कशामुळे? पाण्याच्या हालचालीत उत्तर असावे असा त्यांचा कयास होता. १८९९ मध्ये स्टॉकहोमला उत्तरेकडच्या देशांची परिषद भरली. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने मोजायचे, अशी कल्पना तिथे मांडली गेली. १९०२ मध्ये कोपनहेगनला समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली, ती आजही त्याच शहरात काम करते. डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेनने १९०१ मध्ये क्षारता काढण्याची कोष्टके छापली आणि सगळ्या प्रयोगशाळांना ताडून पाहण्यासाठी एकाच प्रमाणित समुद्रजलाच्या काचनळ्या पुरवायची प्रथा पाडली. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा ठरलेल्या महिन्यांत जहाजे निघू लागली.

त्या सुरुवातीच्या नोंदींत बाल्टिकच्या बऱ्याच खोल भागांत ऑक्सिजन होता. स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ स्टिग फॉन्सेलियस यांनी १९६० च्या दशकात जुन्या वह्या आणि नवे आकडे जुळवले तेव्हा उतार स्पष्ट दिसला. दशकामागून दशक ऑक्सिजन घटत होता आणि सल्फाइड मधूनमधून डोके वर काढू लागले होते. पुढे २०१४ मध्ये याकोब कार्स्टेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११५ वर्षांच्या नोंदी तपासून हिशेब मांडला. लिटरला दोन मिलिग्रॅमपेक्षा कमी ऑक्सिजन असलेल्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ५ हजार चौरस किलोमीटरवरून ६० हजारांच्या पुढे गेले होते. यातला काही दोष समुद्राच्या ठेवणीचा, हे मान्य केले पाहिजे. तळाच्या गाळाचे नमुने काढले की काही जागी पातळ पातळ पट्टे जसेच्या तसे मिळतात. ऑक्सिजन असता तर किड्यांनी उकरून ते मोडले असते. असे पट्टे हजारो वर्षांपूर्वीच्या उबदार काळातलेही आहेत आणि मध्ययुगातलेही. पण विसाव्या शतकातल्या उताराइतका झपाटा ठेवणीने येत नाही. त्याला माणसाची भर लागली.

ती भर म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. शेतातली खते, गुरांचे शेण, शहरांचे सांडपाणी. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भार वाढत गेला आणि १९८० च्या दशकात कळसाला पोहोचला. पोषकद्रव्ये मोजायचा मुख्य हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी, कारण त्या काळोख्या महिन्यांत शैवाल वाढत नाही आणि पाण्यात किती साठा आहे तो उघडा दिसतो. वसंतात शैवाल फोफावले की तोच साठा सजीवांच्या शरीरांत दडतो, आणि मग रिकामे पाणी पाहून फसायला होते. पाण्याच्या स्वच्छतेची एक फार साधी मोजणीही शंभर वर्षे चालू आहे. पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. उत्तर-मध्य बाल्टिकमध्ये उन्हाळ्यातली ही खोली शतकभरात ९ मीटरवरून ५ मीटरवर आली, फिनलंडच्या आखातात ८ वरून ५ वर.

जास्त पोषण म्हणजे जास्त शैवाल, जास्त गाळ, जास्त कुजणे, कमी ऑक्सिजन. इथवर गोष्ट सरळ आहे. बाल्टिकमध्ये ती पुढे वळसा घेते. तळाच्या गाळात फॉस्फेट लोहाच्या संयुगांना चिकटून बसलेले असते. ऑक्सिजन आहे तोवर ही पकड टिकते. तो संपला की लोहाचे रूप बदलते, पकड सुटते आणि वर्षानुवर्षे गाडलेला फॉस्फरस परत पाण्यात येतो. वर आलेल्या फॉस्फरसवर नीलहरित जिवाणू पोसतात. त्यांना नायट्रोजनची ददात नसते, ते तो हवेतून ओढून घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचे पिवळट-हिरवे थर समुद्रावर इतके पसरतात की उपग्रहातून दिसतात. त्यांतल्या ‘नोड्युलारिया’ या जातीचे विष असे की किनाऱ्यावर पाणी प्यालेली कुत्री दगावतात. मग हे सगळे मरून तळाशी जाते आणि तिथला उरलासुरला ऑक्सिजन संपवते. नद्यांमधून येणारा फॉस्फरस १९८० च्या दशकापासून जवळपास निम्म्यावर आला आहे, तरी तळाची स्थिती सुधारलेली नाही, त्याचे मोठे कारण हा वळसा.

भरणा क्वचित होतो असे वर म्हटले. तो होतो तेव्हा कसा होतो? आधी काही आठवडे पूर्वेचे वारे वाहून बाल्टिकमधले पाणी बाहेर लोटले गेले पाहिजे आणि पातळी उतरली पाहिजे. लगोलग पश्चिमेची वादळे आठवडा-दोन आठवडे टिकली तर बाहेरचे खारे, ऑक्सिजनयुक्त पाणी उंबरठे ओलांडून आत शिरते आणि तळातळाने एका खोलगटातून दुसऱ्यात उतरत जाते. डिसेंबर २०१४ मध्ये असे १९८ घन किलोमीटर खारे पाणी आणि त्याबरोबर सुमारे चार अब्ज टन मीठ आत आले. १८८० पासूनच्या नोंदींत हा तिसऱ्या क्रमांकाचा पूर. डार्सच्या उंबरठ्यावर जर्मनीच्या वार्नेम्युंडे येथील संस्थेचा मोजणीचा खांब उभा आहे, तिथे पाणी आत शिरताना टिपले गेले. पुढच्या मार्चच्या सुमारास ते बीवाय १५ ला पोहोचले आणि उणे आकडे शून्याच्या वर गेले. बाल्टिकच्या अभ्यासकांना फार हुरूप आला, तसा तो येणारच होता. पण साठलेली थकबाकीच इतकी होती की आलेला ऑक्सिजन झपाट्याने खर्ची पडला आणि वर्ष-दोन वर्षांत सल्फाइड परतले. शिवाय नवे पाणी जुन्यापेक्षा जड असल्याने मजल्यांमधली सीमा आणखी घट्ट झाली आणि तळाचे फॉस्फरसने भरलेले जुने पाणी वर ढकलले गेले. ज्या पुराची वाट पाहायची, तोच जाताना पुढच्या कोंडीची तयारी करून जातो.

कोकण-गोव्याच्या वाचकाने इथे क्षणभर थांबावे, कारण आपल्याही किनाऱ्यापुढे तळाचा ऑक्सिजन संपतो. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत ऑक्सिजनचा मोठा नैसर्गिक दुष्काळ आहे. पावसाळ्यात तिथले पाणी किनाऱ्याकडे वर सरकते आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याची पातळ चादर बसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यासमोरच्या उथळ समुद्रातही हायड्रोजन सल्फाइड सापडते. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या ठिकाणी १९९७ पासून ही मोजणी चालवली आहे. बाटली इथेही विंकलरचीच. मोठा फरक एवढा की मोसम पालटला, प्रवाह उलटले की आपल्याकडे ऑक्सिजन दरवर्षी परत येतो. बाल्टिकला अशी ऋतूंची हमी नाही.

आकड्यांपलीकडे या सगळ्याचा अर्थ काय, हे कॉड माशाकडे पाहून कळते. पूर्व बाल्टिकचा कॉड खोलगटांत अंडी घालतो. अंडी तरंगत राहायला पाण्याची क्षारता दर हजारी ११ च्या वर हवी आणि जगायला लिटरला निदान दोन मिलिलिटर ऑक्सिजन हवा. वर ऑक्सिजन आहे पण मीठ कमी, अंडी बुडतात. खाली मीठ आहे पण ऑक्सिजन नाही, अंडी गुदमरतात. दोन्ही जमतील असा पट्टा वर्षागणिक निमुळता होत गेला आणि आता भिस्त मुख्यतः बोर्नहोम बेटाजवळच्या खोलगटावर उरली आहे. माशाच्या कानातल्या बारीक खड्यांत झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात गाळातले मँगनीज विरघळते, आणि अशा पाण्यात वावरलेल्या कॉडच्या त्या वर्तुळांत ते सापडते. विंकलरच्या बाटलीतलेच हे मूलद्रव्य असे माशाच्या कानात श्वासाची नोंद ठेवते. जुलै २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने पूर्व बाल्टिकमध्ये कॉड पकडण्यावर तातडीची बंदी घातली. कॉडसाठीची खास मासेमारी त्यानंतर पुन्हा खुली झालेली नाही.

पाण्याचे इतर रसायनशास्त्रही ऑक्सिजन मोजणाऱ्या जहाजांच्या फेऱ्यांत मोजले जाते, आणि त्यासाठी संशोधन जहाजेच लागतात असे नाही. हेलसिंकीहून जर्मनीला जाणाऱ्या फेरीबोटींत समुद्राचे पाणी आत घेऊन वाटेवरच तपासणारी यंत्रे १९९० च्या दशकापासून बसवली गेली. ‘फिनमेड’ या बोटीवर २००३ पासून पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. उन्हाळ्यात शैवाल तो इतका ओढून घेते की त्याचा दाब हवेतल्या दाबाच्या निम्म्याहूनही खाली जातो, आणि हिवाळ्यात तो हवेपेक्षा वर चढतो. आम्लतेच्या बाबतीत नद्यांचा उगम महत्त्वाचा ठरतो. उत्तरेच्या नद्या ग्रॅनाइटवरून येतात आणि आम्ल शोषून घेणारे क्षार फारसे आणत नाहीत, दक्षिणेच्या नद्या चुनखडीतून ते भरभरून आणतात.

इतके देश मोजतात, तर त्यांचे आकडे जुळतात कशावरून? ही शंका सुरुवातीपासून होती, आणि शीतयुद्धाच्या काळात ती राजकीयही होती. १९७४ मध्ये हेलसिंकीला बाल्टिकच्या संरक्षणाचा करार झाला, तेव्हा पश्चिम जर्मनी आणि पूर्व जर्मनी, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड, पोलंड आणि सोव्हिएत संघ अशा सात देशांनी एकाच कागदावर सह्या केल्या. करार १९८० मध्ये लागू झाला. एकच पाणी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वाटून तपासायचे, फरक आला तर कुणाचे कुठे चुकते ते शोधायचे, अशा किचकट कामाला वैऱ्यांच्या छावण्यांतले रसायनशास्त्रज्ञ एकत्र बसले. या कामाला वर्तमानपत्रांत जागा मिळत नाही, पण माझ्या लेखी बाल्टिकच्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे काम आहे. त्याच्याशिवाय प्रत्येक देश शेजाऱ्याच्या आकड्याकडे बोट दाखवत बसला असता.

मोजणीने काय साधते याचे एक उदाहरण २०१२ च्या सुमाराचे आहे. फिनलंडच्या आखाताला मिळणाऱ्या लुगा नदीत फॉस्फरस बेसुमार आढळला. माग काढत गेल्यावर एका खत कारखान्याच्या टाकाऊ मालाच्या ढिगाऱ्यातून तो झिरपत असल्याचे दिसले, आणि झिरपणारे पाणी शुद्ध करण्याची सोय झाल्यावर भार उतरला. नद्यांच्या तोंडाशी नियमित नमुने घेतले नसते तर हे समजायला कुठलाच मार्ग नव्हता.

वरून ऑक्सिजन पुरवायचे प्रयोगही झाले आहेत. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्यूफ्योर्ड या अरुंद खाडीत २०१० ते २०१२ या काळात वरचे पाणी पंपाने खाली सोडले गेले आणि मृत तळात ऑक्सिजन परतला. हेच पवनऊर्जेच्या पंपांनी साऱ्या बाल्टिकमध्ये करावे असे समुद्रशास्त्रज्ञ आंदेर्स स्टिगेब्रांट सुचवतात. मला हा उपाय पटत नाही. एका खाडीत जे जमले ते हजारो चौरस किलोमीटरवर करताना मजल्यांची सीमाच विस्कटू शकते, आणि कॉडच्या अंड्यांना लागणारे खारे पाणी तिच्याच आधाराने टिकून आहे. पोषकद्रव्यांचा भार मुळाशी कमी करण्याचा रस्ता लांबचा आहे. हेलसिंकी कराराच्या देशांनी २००७ मध्ये ठरवलेला आणि २०२१ मध्ये ल्युबेकला सुधारून घेतलेला कृती आराखडा त्याच रस्त्याने जातो. त्यातली कामे २०३० पर्यंत पुरी करायची आहेत. ती सगळी वेळेत झाली तरी तळाला उतार पडायला कित्येक दशके लागतील, कारण बाल्टिकचे पाणी पुरते बदलायलाच तीसएक वर्षे जातात.

म्हणून पुढच्या तीस-चाळीस वर्षांची मोजणी मागच्या शंभर वर्षांइतकीच लागणार आहे, आणि नेमकी आता तिच्यात फट पडली आहे. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ पासून हेलसिंकी कराराच्या आयोगात रशियाबरोबरचे एकत्र काम थांबले आहे. फिनलंडच्या आखाताचे पूर्व टोक रशियाकडे आहे, आणि बाल्टिकला सर्वाधिक पाणी देणारी नेवा नदी तिथेच, सेंट पीटर्सबर्गपाशी समुद्राला मिळते. दोन महायुद्धांच्या वर्षांत मोजणी तुटली होती, त्या रिकाम्या जागा जुन्या आलेखांवर आजही दिसतात. बाकीच्या आठ देशांची जहाजे आपापल्या हद्दीत फेऱ्या घालत आहेत. पूर्व टोकावर शैवाल किती माजले ते उपग्रह दाखवतो. साठ मीटरखालच्या पाण्यात ऑक्सिजन किती उरला आहे, हे मात्र त्याला दिसत नाही.